कव्हरवर कोणाचा चेहरा

गेल्या महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा माळा रिकामा करायला घेतला. पितळेचे डबे, आजीचे पाट, एक फुटका कंदील, आणि या सगळ्याच्या मागे भिंतीला चिकटून चपलांचा एक खोका, सुतळीने बांधलेला. सोडला तर आत इनले कार्डं. कॅसेटच्या डबीत घातलेली असायची ना, घडीची, ती. पासष्ट-सत्तर तरी असतील. गरबे, भजनं, आरत्या, लोकगीतं, एक-दोन मराठी अभंगांची पण. सगळी मी केलेली. १९९४ ते २००१ अशी सात वर्षं मी रावपुऱ्यातल्या एका छोट्या स्टुडिओत हेच काम करत होते आणि प्रत्येकाची एक कॉपी घरी आणून टाकायचे, का ते तेव्हा मला पण सांगता आलं नसतं. दिवेलागणीपर्यंत मी तिथेच बसले होते, खालून वहिनी दोनदा चहाला हाका मारून गेली.

ज्यांनी कॅसेट हातात घेतलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. इनले कार्डाचा समोरचा भाग म्हणजे साधारण चार इंच उंच आणि अडीच इंच रुंद. त्याला लागून अर्ध्या इंचाची पाठ, जी कॅसेट रचून ठेवल्यावर दिसते, आणि मग आत वळणारी एक पट्टी. बस, एवढीच जागा. तेवढ्यात देवी पाहिजे, गायक पाहिजे, 'नॉनस्टॉप' हा शब्द लांबून वाचता आला पाहिजे, कंपनीचा लोगो, पाठीवर नाव. नवरात्राच्या आधी मांडवीच्या बाजूला दुकानांत कॅसेटी भिंतभर लटकायच्या, गिऱ्हाईक पाच-सहा फुटांवर गर्दीत उभं, त्याची नजर एका डबीवर दोन सेकंद थांबली तरी खूप. त्या दोन सेकंदांसाठी आम्ही तीन-तीन दिवस बसायचो. सुरुवातीला कोरल, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, नव्हतंच आमच्याकडे, फोटोंचे ब्रोमाइड, म्हणजे फोटो-पेपरवरचे प्रिंट, काढून आणायचे, कटरने कडा कापायच्या, रबर सोल्युशनने बोर्डावर चिकटवायचं, वर बटर पेपर लावून त्यावर रंगांच्या सूचना पेन्सिलने लिहायच्या आणि मग ते सगळं प्रेसवर. तो रबर सोल्युशनचा वास खोका उघडल्यावर आला असं मला वाटलं, येणं शक्य नाही, पण वाटलं.

लोकांना कव्हर म्हणजे माल खपवायची गोष्ट वाटते. आहेच ती खपवायचीच गोष्ट, मी त्याचेच पैसे घेत होते. पण इतकी वर्षं हे करून आणि दुसऱ्यांची कव्हरं, गाण्यांचे व्हिडिओ डोळे फाडफाडून बघून माझं एक पक्कं मत झालंय की गाणं कोणाचं हे कव्हर ठरवतं. म्हणजे गाण्यात दहा माणसं असतात, त्यातलं कोण लोकांच्या लक्षात राहणार आणि कोण नाही, हे त्या अडीच इंचात ठरून जातं. आणि ठरवणारं बऱ्याचदा माझ्यासारखं कोणीतरी असतं, कटर हातात घेऊन बसलेलं.

माझे बाबा बँकेत होते आणि शास्त्रीय संगीताच्या एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड, जमवायचे. महिन्याला एक, कधी दोन महिन्यांनी एक. एलपीचं कव्हर म्हणजे बारा इंचाची चौकोनी खिडकीच, आम्ही मुलं ते दोन्ही हातांनी धरायचो. पुढे गायकाचा फोटो, डोळे मिटलेले, एक हात वर, मागे तानपुरा, आणि मोठ्या अक्षरात नाव. पण बाबा कव्हर हातात आलं की पहिलं उलटं करायचे. मागे बारीक अक्षरात राग, ताल, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण. ते बोट ठेवून वाचायचे आणि मगच सुई टेकवायचे. मी एकदा विचारलं होतं की पुढचं का नाही बघत, तर म्हणाले, "पुढचा माणूस तर ऐकूच येणारे, मागच्यांना आधी भेटून घ्यावं." मला ते तेव्हा फार काही कळलं नाही.

त्याच्याही आधीच्या तबकड्यांना तर चेहराच नव्हता. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं वाजणाऱ्या, खाकी पाकिटात मिळायच्या आणि पाकिटाला मधे गोल भोक, त्यातून लेबल दिसायचं. आमच्या बडोद्याचे दरबारी गायक उस्ताद फैयाज खाँ, आफताब-ए-मौसिकी म्हणजे संगीताचा सूर्य हा त्यांचा किताब, त्यांच्या तबकड्या पण अशाच, लेबलावर नाव आणि राग, बाकी सगळं कानाने. एचएमव्हीच्या लेबलावर तर गाणाऱ्याच्या ऐवजी ऐकणारा असायचा, भोंग्यासमोर बसलेला तो निपर नावाचा कुत्रा. फ्रान्सिस बॅरॉ नावाच्या चित्रकाराचं ते चित्र, आणि मूळ चित्रात ग्रामोफोन नव्हताच, सिलिंडरचा फोनोग्राफ होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेताना जुनं यंत्र रंगवून झाकायला लावलं आणि त्यावर आपलं यंत्र काढून घेतलं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या कुत्र्याकडे बघत बसले होते. कापाकापी तिथूनच सुरू आहे.

आणि ज्यांचा चेहरा दिसणार नव्हता त्यांनी काय केलं तर आवाजातच नाव ठेवलं. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जानची गाणी रेकॉर्ड झाली, गाणं संपता संपता ती इंग्रजीत सांगते की माझं नाव गौहर जान. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या, तिथल्या माणसांना लेबलावर कोणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून हे बोलायचे असं सांगतात. कारण काहीही असो, पण गाणं संपल्याबरोबर ती जी ठणकावून नाव सांगते ना, ते ऐकताना मला दर वेळी वाटतं की हेच खरं पहिलं कव्हर. तिने स्वतःच केलेलं.

चित्राचं कव्हर आलं ते अमेरिकेत. ॲलेक्स स्टाइनवाइस नावाचा तेविशीच्या आतबाहेरचा मुलगा १९३८-३९ च्या सुमारास कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये लागला. तेव्हा तीन-चार तबकड्या एकत्र जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात बांधून विकायचे, फोटोंचा अल्बम असतो ना तसं, म्हणूनच तर अल्बम म्हणतात, आणि वर नुसतं नाव छापलेलं. तपकिरी, राखाडी. तो म्हणाला असं कसं विकणार, आत एवढं संगीत आहे. मग १९४० च्या सुमारास त्याने एका नाटकगाण्यांच्या संचासाठी न्यूयॉर्कच्या इम्पीरियल थिएटरबाहेरच्या दिव्यांच्या पाटीवरची अक्षरं बदलून घेतली, आपल्या अल्बमचं नाव लावलं आणि त्याचा फोटो काढला. जुन्याच संगीताला नवी चित्रांची कव्हरं घातली तर खप कित्येक पटींनी वाढला. सूर तेच, वाजवणारे तेच. आमच्या धंद्याचा जन्म हा असा आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो हे पण सांगून टाकते.

मी बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजात अप्लाइड आर्ट शिकले, पुष्पबागेत, म्हणजे कॉलेजच्या आवारात. तिथे पेंटिंगवाले आणि आम्ही यांच्यात एक न बोललेली दरी असायची, ते कलाकार आणि आम्ही जाहिरातवाले. त्यावर आमचे एक सर नेहमी राजा रविवर्म्याचं उदाहरण द्यायचे. रविवर्म्याची मूळ चित्रं लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये आहेत, बडोदेकराला ते सांगायला नको, पण ही चित्रं छापून घरोघरी पोचवावीत असं त्याला सुचवणारे सर टी. माधवराव हे बडोद्याचे दिवाण होते. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला आणि मग त्या लक्ष्म्या-सरस्वत्या देवघरात गेल्या, कॅलेंडरवर गेल्या, कापडाच्या ताग्यांवरच्या लेबलांवर गेल्या. सर म्हणायचे, देवघरातलं चित्र आणि ताग्यावरचं लेबल एकाच शिळाछापाच्या दगडावरून छापलं गेलंय, तुम्ही कुठली रेघ मारणार मधे?

याच सरांनी कव्हर बघायला शिकवलं. त्यांची पद्धत साधी होती. कव्हर उलटं धरा, डोकं खाली पाय वर, म्हणजे अर्थ निघून जातो आणि नुसते आकार उरतात. मग बघा डोळा पहिला कुठे जातो. मग सुलट करा आणि बघा चित्रातलं माणूस कुठे बघतंय, तुमच्याकडे की दुसऱ्या कोणाकडे, कारण जो तुमच्याकडे बघतो तो तुमच्याशी बोलतो आणि बाकीचे सामान होतात. नाव केवढ्या अक्षरात, कोणाच्या नावाला रंग, कोणाच्या नावाला नुसता काळा. आणि हे सगळं झालं की शेवटचं विचारायचं, इथे कोण असायला हवं होतं आणि नाहीये?

हा शेवटचा प्रश्न सरांनी बीटल्स या इंग्लिश बँडच्या 'सार्जंट पेपर' या अल्बमवर शिकवला. १९६७ चं कव्हर, पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या दोघांनी केलेलं, पुठ्ठ्याची माणसं कापून, रंगवून, गर्दी उभी केलेली, लेखक, नट, मुष्टियोद्धा, योगी, मधे बँडवाले. मागच्या बाजूला सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेले. सर स्लाइड दाखवून म्हणाले, यात कोण नाही? आम्हाला कुठलं येणार. मग त्यांनी सांगितलं, गांधीजी. त्यांचा पुठ्ठा तयार होता, फोटोच्या दिवशी उभा पण केला होता, पण ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांना भीती वाटली की भारतात रेकॉर्डच्या धंद्याला त्रास होईल, म्हणून काढायला लावलं. वर्गात एकदम शांतता झाली. जगातलं सगळ्यात गाजलेलं कव्हर आणि त्यातून आपला माणूस काढला तो आपल्याला विकण्यासाठी! आणि एवढ्या कामाचे दोनशे पौंड मिळाले होते, हे पण सरांनी सांगितलं. आणखी एक म्हणजे या कव्हरचं नाव निघालं की लोक पटकन ब्लेक म्हणतात, जॅन हॉवर्थचं नाव राहून जातं. कव्हर करणाऱ्यांच्यात पण कोणीतरी कापलं जातंच.

आता मी ते सांगते जे सांगायला हा खोका घेऊन बसले.

खोक्यात एक कार्ड आहे, लाल-पिवळं, १९९६ च्या नवरात्राचं. एका स्थानिक कंपनीसाठी केलेलं, नाव नको. गरब्याची नॉनस्टॉप कॅसेट होती. शेठनी मला ग्रुपचा फोटो आणून दिला, खुर्चीत बसलेला गायक, शेजारी साथीला गाणारी मुलगी, मागे बेंजोवाला, कीबोर्डवाला, आणि उजव्या कडेला ढोली. वयस्कर माणूस, पांढरं केडियुं म्हणजे आखूड घेरदार अंगरखा, ढोल पोटापाशी धरलेला, एक हात ढोलावर आणि नजर थेट कॅमेऱ्यात. सबंध फोटोत तोच एक थेट बघत होता. मी कॅसेट पण ऐकली होती, मी न ऐकता काम करत नसे. साइड ए चालू केली की पहिली वीस-पंचवीस सेकंदं नुसता ढोल आहे, एकटा, मग त्यावर बेंजो चढतो, मग गायक येतो. म्हणजे कॅसेटचं दार उघडणारा तो होता.

मी पहिलं डिझाइन केलं त्यात सगळे होते. शेठ म्हणाले चणियाचोळीतली मुलगी पाहिजे, मोठी, फिरताना, घेर असलेली. मी म्हटलं जागा नाही. ते म्हणाले, "आ काकाने काढी नाखो ने," या काकांना काढून टाका ना. आणि मी काढले. वाद घातला नाही. मला आठवतंय कटर कसा फिरवला ते, खांद्यापासून खाली सरळ रेघ जमली नाही कारण त्यांचा हात बेंजोवाल्याच्या मागून पुढे आलेला होता, तो मला वळणावळणाने कापावा लागला आणि बेंजोच्या कडेला त्यांच्या दोन बोटांची टोकं राहून गेली. ती मी ब्रशने लाल करून टाकली. त्या जागी मुलगी आली, कुठल्यातरी कॅलेंडरच्या फोटोतली, तिचा कॅसेटशी काही संबंध नव्हता. आत पट्टीवर नावं होती, त्यात 'ढोल' म्हणून त्यांचं नाव पाच पॉइंटच्या अगदी बारीक अक्षरात होतं. मी मनाला म्हटलं, नाव तर आहे.

पहिल्या नोरत्याच्या, म्हणजे नवरात्राच्या पहिल्या रात्रीच्या, दोन दिवस आधी मी मांडवीच्या त्या दुकानात डिस्प्ले कसा दिसतोय ते बघायला गेले होते, तर ते आले. नातू बरोबर, सात-आठ वर्षांचा, नवीन शर्ट. शेठनी माझी ओळख करून दिली, आ बेने बनाव्युं छे, या ताईंनी केलंय. त्यांनी कॅसेट हातात घेतली, पुढून बघितली. मागून बघितली. डबी उघडली, कार्ड बाहेर काढलं, घडी उलगडली, परत पुढचं बघितलं. नातू पंजांवर उभा राहून बघत होता, "दादा, तमे क्यां?" आजोबा, तुम्ही कुठे? ते काही बोलले नाहीत त्याला. कार्ड जसं होतं तसं परत घडी घालून डबीत बसवलं, नीट, कोपरे दुमडू न देता, आणि मला विचारलं, "बेन, ढोल तो संभळाय छे ने?"

ढोल तरी ऐकू येतो ना.

मी म्हटलं हो काका, पहिला ढोलच येतो. ते म्हणाले, बस तो. दोन कॅसेट घेतल्या, पैसे दिले, शेठ नको म्हणत असताना दिले. आणि गेले. ते आता नाहीत. मी ती लाल जागा खोक्यातल्या कार्डावर भिंगाने बघितली, बेंजोच्या कडेला लाल थोडा वेगळा लाल आहे. मला माहीत आहे म्हणून दिसतो.

सिनेमावाल्यांनी तर ही गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर केली. १९४९ मध्ये 'महल' आला आणि त्यातलं 'आयेगा आनेवाला' देशभर वाजायला लागलं तेव्हा तबकडीवर गाणारीचं नाव होतं कामिनी. कामिनी म्हणजे सिनेमातलं पात्र! लोकांनी रेडिओला पत्रं लिहून लिहून विचारलं की ही कोण गाते, तेव्हा लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. म्हणजे जिच्या आवाजावर पुढे सगळं उभं राहिलं तिला पण आधी आपल्या गाण्याच्या लेबलावर जागा नव्हती. पुढे सिनेमाच्या एलपी आल्या, त्यावर सिनेमाचंच पोस्टर छोटं करून छापलेलं, नायक-नायिका, बंदूक, पाऊस, आणि गायक मागच्या बाजूला बारीक अक्षरात. मला ती रंगवलेली कव्हरं अतिशय आवडतात, ते रंगवणारे माझे गुरूच आहेत, पण बाबांच्या सवयीने मी ती पण पहिली उलटी करते.

मग व्हिडिओ आले आणि कव्हर हलायला लागलं. हे मी अलंकारिक बोलत नाहीये, अक्षरशः तसंच झालं. क्वीन या इंग्लिश बँडच्या १९७४ च्या एका अल्बमवर मिक रॉकने काढलेला फोटो आहे, काळोखात चार चेहरे, वरून उजेड. पुढच्या वर्षी त्यांचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आलं तेव्हा दौऱ्यामुळे टीव्हीच्या कार्यक्रमात जाऊन गाणं जमणार नव्हतं म्हणून आपल्या जागी पाठवायला व्हिडिओ केला, चारेक तासांत शूट केला म्हणतात, आणि त्यात तेच चार चेहरे तशाच काळोखात उभे केले, फक्त आता ओठ हलतायत. लोकांनी आधी ते कव्हर हातात धरलेलं, आता तेच गातंय. मग १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही चालू झालं, चोवीस तास फक्त हेच, आणि तिथेही लगेच तोच प्रश्न आला की चेहरा कोणाचा, सुरुवातीला काळे कलाकार जवळजवळ दिसतच नव्हते, १९८३ मध्ये मायकेल जॅक्सन आला तेव्हा दार उघडलं.

आपल्याकडे केबल आली आणि नव्वदच्या मध्यात एकदम गाणाऱ्याला चेहरा मिळाला, हे मला त्या काळाचं सगळ्यात मोठं काम वाटतं. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं. गाणारीच राणी, तिच्यासमोर जगभरचे उमेदवार येतायत आणि ती एकेकाला नाकारते, मग लाकडी खोक्यातून आपला मिलिंद सोमण निघतो. आम्ही स्टुडिओत काम टाकून बघायचो. सगळे त्याच्याबद्दल बोलायचे पण मला ती सिंहासनावर बसण्याची पद्धत आवडली होती. इतकी वर्षं पडद्यामागून दुसऱ्यांसाठी गाणारी बाई मधोमध बसली होती आणि पुरुष सामान झाला होता, खोक्यातून आलेलं. सरांची पद्धत लावून बघा, कोण थेट बघतंय.

दलेर मेहंदीचं पण तसंच. लोक म्हणायला लागले की याची गाणी चालतात ती व्हिडिओतल्या सुंदर मुलींमुळे. तर त्याने १९९८ मध्ये 'तुनक तुनक तुन'चा व्हिडिओ असा केला की त्यात तो सोडून कोणीच नाही, चार दलेर, चार रंगांचे पोशाख, मागे कॉम्प्युटरने काढलेले डोंगर-वाळवंट. काही लोक त्या व्हिडिओला हसतात, मला कधीच हसू आलं नाही. ज्या गाण्यात माझा आवाज आहे तिथे बघायला पण मीच पुरेसा आहे हे सिद्ध करायला उभा राहिलेला माणूस आहे तो, आणि त्याचं खरं ठरलं.

आणि फाल्गुनी पाठक. बडोद्यात राहून तिच्याबद्दल न लिहिता कसं पुढे जाणार, नऊ रात्री जिच्या आवाजावर सबंध गुजरात फिरतो. तिचे व्हिडिओ बघा परत, आता, आवाज बंद करून. गोष्ट एका तरुण मुलीची असते, कठपुतळ्या असतात, ओढण्या असतात, कोणीतरी लाजतं, आणि या सगळ्यात फाल्गुनी आपल्या नेहमीच्या शर्ट-पँटमध्ये, आखूड केसांत, बाजूला उभी राहून हसत गाते. तिला कोणी नायिका केलं नाही, चणियाचोळी घातली नाही, आणि काढून पण टाकलं नाही. ती सूत्रधार असते. माझ्या शेठसारखा कोणी असता तर म्हणाला असता मुलगी मोठी करा आणि हिचा नुसता आवाज ठेवा, व्हिडिओ तरी पण चालला असता. पण तिला ठेवलं, ती जशी आहे तशी ठेवली, आणि म्हणूनच मैदानात ती स्टेजवर आली की लाखभर लोकांना वाटतं ही आपल्या ओळखीची आहे. एक प्रमोशनचा व्हिडिओ माणसासाठी एवढं करू शकतो. मी १९९६ मध्ये हे बघितलेलं असतं तर शेठशी भांडले असते का, हा प्रश्न मी स्वतःला बरेच वेळा विचारलाय.

माझा भाचा आता गरब्याचंच करतो, पण यूट्यूबवर. चार मित्र मिळून गाणी करतात, सप्टेंबर आला की घरात नुसत्या केबली. इनले कार्डाचं आता थंबनेल झालंय, १२८० बाय ७२० पिक्सेल, आणि ॲप्ससाठी तीन हजार बाय तीन हजारचा चौकोन. आकडे मोठे, पण मोबाईलवर दिसतो तो माझ्या इनले कार्डापेक्षा लहान, नखाएवढा. तो चौकोन बघून मला बाबांच्या एलपीची बारा इंचाची खिडकी आठवते आणि जीव कळवळतो, मागची बाजूच नाही त्याला. उलटं करून वाचायला काही नाहीच. नावं असतात कुठेतरी, तीन ठिकाणी दाबल्यावर.

या वेळी भाच्याने थंबनेल दाखवलं तर त्यात गायक आणि फिरणारी मुलगी. मी विचारलं ढोल कोण वाजवतो. म्हणाला, "आत्या, नखाएवढ्या जागेत पाच तोंडं टाकली तर एकही ओळखू येणार नाही." बरोबर होतं त्याचं, हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत. मी खोका आणला आणि ते लाल-पिवळं कार्ड त्याच्यासमोर ठेवलं, भिंग दिलं आणि बेंजोची कडा दाखवली. सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आम्ही बसलो, रात्री साडेअकरापर्यंत. चेहरेच नको असं ठरलं. ढोलावर पडायच्या आतला हात, नुसता हात, वरून उजेड, मागे घेर धूसर. नखाएवढं केलं तरी हात हातच दिसतो. आणि व्हिडिओची पहिली पाच सेकंदं ढोलीची, कारण गाण्याची पहिली पाच सेकंदं त्याचीच आहेत, तो चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा आहे, रिक्षा चालवतो दिवसा. शूटच्या वेळी विचारायला लागला कुठे बघू, मी म्हटलं सरळ कॅमेऱ्यात बघ.

मग राहिलं टायटल. त्यात शंभर अक्षरं बसतात. गाण्याचं नाव, गायक, ढोल, बेंजो, शब्द कोणाचे, सगळं टाकून भाच्याने मोबाईलवर उघडून बघितलं तर गायकाच्या आडनावानंतर लगेच तीन टिंबं, पुढचं गायब. त्याने ढोलीचं नाव पुढे घेतलं. आता टिंबं गायकाच्या आडनावावर आली. माझ्याकडे बघितलं त्याने, मी काही बोलले नाही, हे त्यांचं गाणं. त्याने गायकाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, नाव असं कापलं जातंय, काय करू? पलीकडे कुठल्यातरी रिहर्सलचा आवाज होता, मधेच गायक ओरडून म्हणाला, "अटक काढी नाख ने भाई, मने तो बधा नामथी ज ओळखे छे," आडनाव काढून टाक ना, मला तर सगळे नावानेच ओळखतात.

भाच्याने आडनाव काढलं. सहा अक्षरं मोकळी झाली, त्यात बेंजोवाला बसला.